बाबा, टॅक्स तुम्हीही भरता

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन ठेवता ठेवता तुम्ही जे बोललात ते डोक्यातून जाईना. वस्तीवरच्या रस्त्याची खडी एका पावसात उघडी पडली. मी म्हटलं ग्रामसभेत विचारा, तर तुम्ही म्हणालात, "आपण कुठं टॅक्स भरतो गं बोलायला? भरणारे बोलतील." फोनवर उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून लिहिते.

आधी घरापासूनच बघा. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या तुम्ही वर्षानुवर्षं तारेत ओवून ठेवताय, त्या कसल्या आहेत मग? पंपावर गाडी लावून "शंभराचं टाक" म्हणता, त्यात राज्य सरकार २५ टक्के व्हॅट घेतं, वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. तो व्हॅटसुद्धा केंद्राचं उत्पादन शुल्क धरून आलेल्या रकमेवर लागतो, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. २०१५ ला दुष्काळासाठी म्हणून पेट्रोलवर लिटरला २ रुपये जादा बसवले होते, आठवतंय? दुष्काळ सरला, जादा आकारणी काही सरली नाही. घरच्या लाइट बिलावर चष्मा लावून 'वीज शुल्क' ही ओळ शोधा, १६ टक्के आहे. साबण, टूथपेस्ट, केसाचं तेल जीएसटीत २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलं खरं, पण ते ५ टक्के तुम्ही देताच, आणि त्यातले निम्मे राज्याच्या तिजोरीत जातात. आमच्या कंपनीचे मोठे साहेब ज्या साबणानं हात धुतात त्यावरही टक्का तेवढाच. पगार तेवढाच नाही, एवढंच.

आता माझ्या कामातली गंमत सांगते. मी आता एकशेचाळीस जणांची पगारपत्रकं करते. दरवर्षी मार्च उजाडला की टेबलापाशी कुणीतरी येऊन उभं राहतं, "मॅडम, फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त कापलेत." जास्त नसतात. व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. याच्यापुढे राज्याला जाता येत नाही, राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच ती मर्यादा आहे, आणि १९८८ पासून ती हललेली नाही. बाईमाणसाला महिना २५,००० पर्यंत हा कर नाही, मला लागतो. पुरुषांना १०,००० च्या वर गेलं की पुरते २००. वॉचमनचे २००, माझे २०० आणि साहेबांचेही २००. मला हे कधीच पटलं नाही, पण सॉफ्टवेअरला कोण विचारतो.

हा कर १ एप्रिल १९७५ ला सुरू झाला, आणि तो कशासाठी माहितीय? तुमच्यासाठी. खरंच. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमी आली. ती कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्येच त्यांनी ती करून बघितली होती. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा लागणार, तो उभा करायला शहरातल्या नोकरदार-व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसवला. जेवढा जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्या बाजूनं घालायची, असं ठरलं. पुढं १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागणं हा हक्क झाला. केंद्राचा तसा कायदा यायला २००५ उजाडलं.

तुम्ही आणि आजी १९७८ ला पाझर तलावावर होतात. आजी नेहमी सांगायची, मुकादम हजेरीला फार कडक, पाच मिनिटं उशीर झाला तरी मस्टरवर अर्धा दिवस मांडायचा. तुम्ही टिकाव मारायचा, ती पाटी उचलायची, आणि दुपारी दोघं बांधाच्या सावलीत भाकरी सोडायचात. त्या मजुरीतला वाटा मुंबईतल्या कुठल्या तरी कारकुनाच्या पगारातून कापून आलेला होता. त्यानं माण तालुका बघितलाही नसेल. कदाचित शिव्याही दिल्या असतील. आज ती कारकून मी आहे. आणि तो तलाव अजून आहे, त्याच्या खालच्या अंगाला आपली विहीर मार्चपर्यंत तग धरते. पन्नास वर्षं होत आली, बाबा. आणि आत्ताचा रस्ता एक पावसाळा टिकला नाही.

'फुकट' या शब्दावरून आई आणि तुमचं रोज वाजतं, तेही लिहिते. दिवाळीला तुम्ही दोघं एसटीनं आलात तेव्हा मिळून एकाच पूर्ण तिकिटाचे पैसे पडले. आईला बाई म्हणून अर्धं, तुम्हाला पासष्टीपुढचे म्हणून अर्धं. राहिलेलं सरकार एसटीला भरून देतं. शेतपंपाचं बिल येत नाही, तेही महावितरणला सरकारच देतं. आईचे लाडक्या बहिणीचे १,५०० तुम्ही फुकटचे म्हणता, पण तिच्या बीपीच्या गोळ्या त्यातून येतात आणि तुमची तपकीरही. (आई, हे सांगायचं नव्हतं, माफ कर.)

मात्र आकडे बघितले की मलाही धास्ती वाटते. अजित पवारांनी मार्च २०२५ मध्ये मांडलेलं राज्याचं बजेट ७,००,०२० कोटींचं होतं. लाडकी बहीणला त्यात ३६,००० कोटी. महसुली तूट ४५,८९१ कोटी, आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज. उसनं काढून रोजचं भागवायचं, हे आपण घरात कधी केलं नाही. तरी आईचे पैसे बंद करा असं माझ्या तोंडून निघत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं, काय करू.

इकडचं विचाराल तर भाडं पुन्हा वाढलंय. फ्लॅटचा विषय निघाला की यांचं डोकं फिरतं. पुण्यात चाळीस लाखांच्या घराला मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, चाळीस हजार वाचतात. नोंदणीचे ३० हजार वेगळेच. म्हणून घर घ्यायचं तर माझ्या नावावर, असं मी जाहीर केलंय. तुमचे जावई हसतात, पण गणित त्यांनाही कळतं.

सोबत एक कागद घडी करून ठेवलाय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, मीच लिहिलाय. त्यात तीनच गोष्टी मागितल्यात: त्या रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. खडीचा थर किती इंचाचा लिहिलाय आणि पडला किती, हे मोजमाप पुस्तिकेत कळतं. तुम्ही टिकाव मारलेला माणूस, तुम्हाला इंजिनियरपेक्षा आधी कळेल. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलंय, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडायचं नाही, कुणाला चोर म्हणायचं नाही, अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच मात्र विसरू नका, ती पण तारेत ओवा.

सही खालच्या रेघेवर करा. आईलाही करायची असेल तर शेजारी जागा सोडलीय.

तुमची,
ताई