रेकॉर्डर मार्गी लावणाऱ्यांचे आभार

घरी जुळवलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या टीव्ही रेकॉर्डरवर जुनं रेकॉर्डिंग पुसलं की चालू रेकॉर्डिंग हमखास अडखळायचं. इथे मदत मागितली, तेव्हा बहुतेकांनी ट्यूनर (चॅनेल पकडणारं कार्ड) बदलायला सांगितलं. तुमच्यापैकी एकाने मात्र आधी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत) कोणती ते विचारलं. माझी ईएक्सटी३ निघाली, आणि तिच्यावर कित्येक जीबींची फाइल पुसताना डिस्क तेवढा वेळ अडकून पडते. मिथटीव्ही या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये फाइल हळूहळू पुसण्याचं सेटिंग चालू केलं आणि प्रश्न मिटला. ट्यूनर होता तोच आहे!

दुसऱ्या ट्यूनरचं दुखणं वेगळंच. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमधली, म्हणजे नोंदींमधली, 'फर्मवेअर सापडलं नाही' ही ओळ नेमकी हेरणाऱ्याचे खास आभार. फर्मवेअरची (कार्डात भरावं लागणारं सॉफ्टवेअर) फाइल जागेवर ठेवली, मशीन पूर्ण बंद करून चालू केलं (या कार्डाला नुसतं रीस्टार्ट पुरत नाही), आणि चॅनेल धडाधड सापडले. माझे लांबलचक लॉग न कंटाळता वाचलेत, मंडळी, मनापासून धन्यवाद.