टेबल सॉच्या त्या फोटोत गार्डच नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फर्निचर बनवण्यावर जो लेख आला तो मनापासून आवडला, लोक परत हाताने काहीतरी करायला लागलेत याचा मला खूप आनंद आहे. पण त्यासोबत छापलेला टेबल सॉचा, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीचा, फोटो बघितला आणि काळजाचा ठोका चुकला. ब्लेडवरचं झाकण म्हणजे गार्ड काढलेला, ब्लेडच्या मागे रिव्हिंग नाईफची पोलादी पट्टी नाही, हातात जाड कापडी ग्लोव्हज आणि अर्ध्या इंचाची फळी कापायला ब्लेड चांगलं तीन इंच वर आलेलं. मी वीस वर्षं सुतारकाम करतोय म्हणून पत्र लिहायला बसलो, कारण नवीन माणूस मजकुरापेक्षा फोटो बघून शिकतो.

टेबल सॉ म्हटलं की सगळे सांगतात, लक्ष देऊन काम कर. लक्ष पाहिजेच हो, पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गडबड स्विच दाबायच्या आधीच झालेली असते. ब्लेडचे आपल्या बाजूचे दात खाली जात असतात, ते फळीला टेबलावर दाबून धरतात, तिथे फारसा धोका नाही. मागचे दात मात्र टेबलातून वर येत असतात. फळी चिरत पुढे गेली की लाकडात अडकलेला ताण सुटतो, कधी कधी मागची चीर मिटायला लागते आणि लाकूड त्या वर येणाऱ्या दातांवर दाबलं जातं, मग ते दात फळी उचलून थेट आपल्या दिशेने भिरकावतात. १० इंची ब्लेड ४००० आरपीएमने (मिनिटाला ४००० फेरे) फिरत असेल तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे मागे सरायला वेळच मिळत नाही. यालाच किकबॅक म्हणतात. आणि फळी हाताखालून निसटली की तिच्यावर जोर देणारा हात कुठे जातो ते सांगायला नको.

कामाला लागून तीन वर्षं झाली असतील तेव्हा माझ्यासोबत हे झालं. ज्या वर्कशॉपमध्ये होतो तिथल्या मालकाने रिव्हिंग नाईफ मध्ये येतो म्हणून काढून कपाटावर टाकला होता, आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन फुटांची फळी चिरत होतो, शेवटच्या वीतभर कापाला मशीनचा आवाज एकदम जड झाला, जळक्या लाकडाचा वास आला आणि पुढच्या क्षणी मी जमिनीवर. फळी बरगडीखाली लागून मागच्या भिंतीवर आपटली, प्लास्टरला खड्डा पडला. नंतर ती फळी उलटी करून बघितली तर खालच्या बाजूला विळ्याच्या पात्यासारखी वाकडी खोल खूण, दात तिला फिरवत वर चढले होते. हात ब्लेडपासून चार बोटांवर होता. तेव्हापासून नाईफ लावल्याशिवाय मी उभा काप, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, घेत नाही, आणि माझ्या हाताखालच्या पोरांनाही घेऊ देत नाही.

हा रिव्हिंग नाईफ म्हणजे ब्लेडच्या मागे, ब्लेडसोबत वर-खाली होणारी पोलादी पट्टी, ती चिरेत बसते आणि चीर मिटू देत नाही, एवढंच तिचं काम. पण जाडी जमली पाहिजे. ब्लेडच्या पात्यापेक्षा, म्हणजे दातांमागच्या सपाट चकतीपेक्षा, ती जाड हवी आणि दातांच्या रुंदीपेक्षा बारीक. समजा दात २.८ मिमी आणि पातं १.८ मिमी, तर २.२ची पट्टी चालते. लोक बारीक कापाचं ब्लेड आणतात आणि जुनीच जाड पट्टी ठेवतात, मग फळी मध्येच अडकते, वैतागून पट्टी काढून टाकतात आणि सगळं मुसळ केरात. ब्लेडवरचे आकडे बघून घ्या, आणि त्यावर लिहिलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाही ना तेही बघा.

दुसरी गोष्ट फेन्सची, म्हणजे फळी ज्याला टेकवून पुढे सरकवतो त्या सरळ आधाराची. प्लग काढा, स्विच बंद आहे एवढ्यावर भागवू नका. ब्लेडच्या एका दातावर पेनने खूण करा, तो दात पुढे आणून टेबलात ब्लेडच्या बाजूला असलेल्या लांब खाचेपासूनचं अंतर मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि परत मोजा. दोन्ही सारखं आलं की ब्लेड खाचेला समांतर. मग फेन्सही त्याच खाचेवरून मोजून लावा. मागच्या टोकाला फेन्स ब्लेडकडे केसभर जरी झुकला तरी तो लाकूड मागच्या दातांवर दाबत राहतो, म्हणजे किकबॅक आपणच तयार करून ठेवला. नव्वद अंशांसाठी टेबलावरच्या आकड्यांवर विसंबू नका, ब्लेडला गुण्या लावा, पण दातांना नाही, पात्याला.

बाकीचं थोडक्यात सांगतो. ब्लेड लाकडाच्या वर पाच-सहा मिमी दिसलं की पुरे. फळीची फेन्सकडची कड सरळ नसेल तर आधी रंधा मारा. स्वतः ब्लेडच्या रेषेत उभे राहू नका, थोडं बाजूला. फळी अरुंद असेल तर शेवटचा भाग पुश स्टिकने ढकला. ग्लोव्हज अजिबात नको, दातात धागा अडकला तर बोटं सोबत ओढली जातात. आडवा काप घेताना कापलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडमध्ये अडकेल असं कधीच करू नका. छोटे तुकडे ब्लेड पूर्ण थांबल्यावरच उचला, त्या दोन सेकंदांची घाई लोकांना फार महागात पडलीये. लाकडाचा भुसा कॅन्सरला कारण ठरतो हे सिद्ध झालंय, त्यामुळे मास्क पण हवाच.

आणि एक कळकळीची विनंती, हातातली सर्क्युलर सॉ प्लायच्या खाली उलटी बसवून, ट्रिगर टेपने बांधून जो जुगाड करतात तो कृपया करू नका. त्यात ना रिव्हिंग नाईफ, ना पटकन हाताशी येणारा स्विच, आणि लाईट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू. नीट टेबल सॉला असा स्विच मिळतो की लाईट आली तरी बटन दाबल्याशिवाय ती फिरत नाही, तो नक्की बघून घ्या. बोट लागताच काही मिलिसेकंदात ब्लेड थांबवणाऱ्या मशीनही आहेत, परवडत असेल तर जरूर घ्या, पण त्या उडालेली फळी अडवत नाहीत, नाईफ तिथेही लावावाच लागतो.

म्हणून पुढच्या रविवारी गार्ड आणि नाईफ लावलेल्या टेबल सॉचा एक फोटो छापावा, खाली दोन ओळीत आधीचा का चुकीचा होता तेही लिहावं. त्या लेखात शेल्फसाठी मापं दिली होती, कोणीतरी याच आठवड्यात लाकूड आणलं असेल.

आपला नियमित वाचक,
एक सुतार