ग्रुपवर राजकारण बोलायला मनाई नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हल्ली कोणताही मराठी व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, मग तो गृहनिर्माण संस्थेचा असो, दहावीच्या तुकडीचा असो, भजनी मंडळाचा असो की नातेवाइकांचा, त्याच्या नियमावलीत 'राजकीय व धार्मिक पोस्ट टाकू नयेत' ही ओळ हमखास सापडते. आपल्या वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रांतही, मैत्री टिकवायची असेल तर मित्रांशी राजकारण बोलू नये, असा सल्ला अधूनमधून वाचायला मिळतो. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. राजकारणावरून भाऊबंदकी झालेली, वीस-तीस वर्षांची मैत्री तुटलेली माणसे त्यांनी पाहिली असणार. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, तो आपल्या सार्वजनिक जीवनाचे नुकसान करणारा आहे, असे मला ठामपणे वाटते आणि त्याची कारणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी साताऱ्यात राहते. 2020 च्या टाळेबंदीत अनेकांप्रमाणे मीही घरबसल्या मोडी लिपी शिकले. त्या ऑनलाइन वर्गातील आम्ही काही जण वर्ग संपल्यावरही एकमेकांना धरून राहिलो. त्यांत निफाडकडचे एक कांदा उत्पादक शेतकरी आहेत, इंदूरच्या एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, दुबईत नोकरी करणारा एक तरुण अभियंता आहे, नांदेडचे एक शिक्षक आहेत आणि आणखी काही मंडळी आहेत. यांतील बहुतेकांना मी प्रत्यक्ष भेटलेली नाही. आमचे मूळ काम म्हणजे घरोघरच्या जुन्या कागदांची छायाचित्रे एकमेकांना पाठवून ती वाचणे. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. दोन शब्दांत जागा सोडत नसत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसे. त्यामुळे एका माणसाला न लागलेली ओळ दुसऱ्याला लागते आणि हे काम एकट्याने करण्यापेक्षा चौघांनी मिळून करण्यात फार आनंद असतो. कागदांच्या जोडीने मग कोणाच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, कोणाच्या मुलीची बारावी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत कोणाकडे काय काय घालतात, हे सगळे ओघाने आले. राजकारणही तसेच आले आणि आम्ही ते अडवले नाही.

त्याचे काय झाले, याची दोन उदाहरणे मी थोड्या विस्ताराने देते, कारण माझे म्हणणे त्यांवरच उभे आहे.

8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. इंदूरच्या ताईंनी त्याच दिवशी ग्रुपवर निर्णयाचे स्वागत केले. पेन्शनवर घर चालवणाऱ्या बाईने कांदा स्वस्त होणार म्हणून समाधान व्यक्त करणे अगदी स्वाभाविक होते. निफाडचे दादा त्यावर चिडले. परंतु त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत की कोणा नेत्याचे व्यंगचित्रही पाठवले नाही. आपल्या खळ्यावर पडलेल्या लाल कांद्याचा फोटो टाकून त्यांनी लिहिले की, उन्हाळ कांदा असता तर चाळीत भरून चार-पाच महिने थांबता आले असते, हा लाल कांदा टिकत नाही, काढला की बाजारात न्यावाच लागतो, त्यामुळे ऐन आवकेत बंदी आली की पडेल त्या भावाला देण्यावाचून माझ्या हातात काही उरत नाही. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांतला हा फरक ताईंना ठाऊक नव्हता आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी बऱ्याच जणांना नव्हता. तेवढ्यात दुबईच्या मुलाने कळवले की, तिकडच्या बाजारात भारतीय कांदा मिळेनासा झाला आहे आणि जो मिळतो त्याचा भाव कडाडला आहे. सरकारचा एकच निर्णय तीन घरांतून कसा दिसतो, हे आम्हाला एका संध्याकाळी समजले. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण 550 डॉलर प्रतिटन किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू राहिले, तेव्हा 'दादा, यात तुमच्या हाती काय पडणार?' असे विचारणाऱ्या पहिल्या व्यक्ती इंदूरच्या ताईच होत्या. ग्राहकाला महागाईपासून संरक्षण हवेच, हे त्यांचे मत आजही कायम आहे. मात्र आता त्या मतात शेतकऱ्याचा विचार आला आहे.

दुसरे उदाहरण यापेक्षा अवघड आहे. 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या नोंदींपैकी कित्येक मोडीत होत्या, निजामकालीन नोंदी उर्दूतही होत्या. कालपर्यंत हौस म्हणून जपलेल्या लिपीला एकाएकी तहसील कार्यालयांत मागणी आली आणि आमच्या ग्रुपवर येणाऱ्या छायाचित्रांचे स्वरूपच पालटले. इनामाच्या आणि वतनाच्या कागदांऐवजी खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके येऊ लागली. नांदेडचे सर मराठा समाजाचे आहेत. त्यांच्या पुतण्याच्या प्रवेशाचा प्रश्न अशा एखाद्या नोंदीवर अवलंबून होता. ग्रुपमधील आमचे दुसरे एक स्नेही इतर मागासवर्गातील आहेत आणि आपल्या मुलांच्या वाट्याला आधीच थोडे आहे, त्यातही वाटेकरी वाढणार, ही भीती ते लपवत नव्हते. मोडी वाचण्यात मात्र आमच्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

एका रात्री सरांनी वाळवीने कडा खाल्लेल्या एका पानाचा फोटो टाकला. जातीच्या रकान्यातील अक्षरांवर नेमका पाण्याचा डाग होता. या स्नेह्यांनी फोटो मोठा करून, त्याच पानावरील इतर नोंदींतील अक्षरांची वळणे ताडून, ती नोंद बरोबर वाचून दिली. ती सरांच्या उपयोगाची होती. आणि त्याच रात्री या दोघांत आरक्षणाच्या टक्केवारीवरून, 50 टक्क्यांच्या मर्यादेवरून, कोणाच्या वाट्याचे कोणाला जाणार यावरून असा कडाक्याचा वाद झाला की आम्हा बाकीच्यांना मध्ये काय बोलावे ते सुचेना. 20 फेब्रुवारी 2024 रोजी विधिमंडळाने मराठा समाजासाठी 10 टक्के आरक्षणाचे विधेयक मंजूर केले, तेव्हा तो पुन्हा झाला. 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा आणखी एकदा झाला. दोघांपैकी कोणाचेही मत तसूभर हललेले नाही. तरीही ते एकमेकांचे कागद वाचतात, आणि सरांच्या आईची शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी दवाखान्याबाहेर बसलेल्या सरांना सर्वांत आधी फोन केला तो याच स्नेह्यांनी.

सगळे असेच गोड होते, असा दावा मी करणार नाही. जून 2022 मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा आमच्या एका सदस्याला ग्रुपवरील बोलणे इतके लागले की ते निघून गेले आणि आम्ही कळवळून सांगूनही परतले नाहीत. ती खंत आहे. पण त्या एका जाण्यामुळे आम्ही बोलणेच बंद केले असते, तर सर आणि ते स्नेही आपापल्या समाजाच्या वेगळ्या ग्रुपवर गेले असते, जिथे त्यांच्या म्हणण्याला 'अगदी बरोबर' यापलीकडे उत्तर मिळाले नसते. राजकारणाला मनाई केल्याने राजकारण थांबत नाही. एकाच विचाराची माणसे ज्या कोंडाळ्यात बसतात, तिकडे ते सरकते आणि तिथे अधिक कडवट होते.

बंदीचे समर्थन करणारे साधारणपणे दोन भीती बोलून दाखवतात. पहिली भीती ही की अशा मजकुरामुळे समाजात आग लागते. यासाठी आपल्याच राज्यातील सर्वांत भीषण घटना आठवून पाहावी. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या अफवेत राजकारणाचा शब्दही नव्हता. लहान मुलांना सांभाळा, असा तो काळजीचा संदेश होता, आणि 'राजकीय पोस्ट टाकू नयेत' हा नियम असलेल्या कोणत्याही ग्रुपवर तो विनाअडथळा आला असता. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. तिचा खुलासा करणारा शेवट कोणी तरी कापून टाकला होता. आग लावली ती पुढे ढकललेल्या मजकुराने, ज्याचा लेखक कोण हे पाठवणाऱ्याला माहीत नव्हते आणि ते विचारण्याची गरजही त्याला वाटली नव्हती. व्हॉट्सॲपनेही उपाय केला तो याच ठिकाणी. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. पुढे एप्रिल 2020 मध्ये, अनेकदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन आले आणि अशा संदेशांचे प्रमाण 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. माणसांनी आपापसांत राजकारण बोलण्यावर बंधन घालण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही, ती आपल्या सोसायटीच्या कार्यकारिणीला का वाटावी, हे मला कळत नाही.

दुसरी भीती कायद्याची आहे आणि तिला कारणही घडलेले आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याचे दर्शवले आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकाराने घराघरांतील आईवडिलांच्या मनात जे भय बसले, ते आजही गेलेले नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या कलम 66 अ चा तेव्हा आधार घेतला गेला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले, ही गोष्ट त्या भयाइतकी घरोघरी पोहोचली नाही. ग्रुपच्या अ‍ॅडमिनविषयीही तेच. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले तर अ‍ॅडमिनला तुरुंगात जावे लागेल, असा समज इतका पक्का आहे की शेजारीपाजारी हे काम स्वीकारायला कोणी तयार होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की, अ‍ॅडमिनचा त्या सदस्याशी समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट असल्याशिवाय केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे त्याला दोषी धरता येणार नाही. समाजासमाजांत वैर पसरवणारा मजकूर हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली आजही गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु कांद्याच्या निर्यातबंदीविषयी किंवा आरक्षणाविषयी आपले मत सभ्य भाषेत मांडणाऱ्या माणसाने या कलमाला घाबरावे, असे त्यात काही नाही.

आणखी एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. पारावर, एसटी स्टँडवरील चहाच्या टपरीवर, चौकातल्या कट्ट्यावर राजकारण बोलण्याची सोय पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या होती आणि आहे. ग्रुपवर मनाई झाली तरी त्यांचे बोलणे अडत नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना, विशेषतः लग्न होऊन परक्या गावी गेलेल्या बायकांना, मत मांडायला पहिली जागा मिळाली ती फोनवर जोडल्या गेलेल्या मैत्रिणींमध्ये. घरात कोणी विचारत नाही आणि बाहेर कोणी ऐकत नाही, अशा परिस्थितीत स्वयंपाक आटोपल्यावरचा तो अर्धा तास त्यांच्या दृष्टीने फार मोलाचा असतो. तिथेही 'रेसिपी चालतील, राजकारण नको' अशी पाटी लागली, तर त्यांनी बोलायचे कुठे? गॅसचा भाव, जिल्हा परिषदेच्या शाळेतील रिकामी पदे, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या, लाडकी बहीण योजनेचे हप्ते या सगळ्या राजकारणाच्याच गोष्टी आहेत आणि त्यांच्या रोजच्या जगण्यातल्याही.

आमच्या ग्रुपवर आम्ही एकच नियम पाळतो आणि तो इतरांनीही करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. राजकारणावर कोणीही, काहीही लिहावे, पण ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. बाहेरून आलेला मजकूर टाकायचा असेल, तर तो कोणाचा आहे आणि तो आपल्याला का पटला, हे आधी स्वतः दोन ओळींत सांगावे. एवढे करायचे म्हटले की टाकण्याजोग्या गोष्टी आपोआप कमी होतात, हा आमचा अनुभव आहे. व्हॉट्सॲपने 2022 पासून अ‍ॅडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिलेली असल्याने हा नियम अमलात आणणेही अवघड नाही.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. ग्रुपवर काय लिहिले तर गुन्हा होतो, काय लिहिले तर होत नाही, अ‍ॅडमिनची जबाबदारी नेमकी किती आणि पोलिसांची नोटीस आली तर काय करावे, याची साध्या मराठीत माहिती देणारा लेख एखाद्या जाणकार वकिलाकडून लिहवून घेऊन आपण प्रसिद्ध करावा. तो शक्यतो रविवारच्या अंकात यावा, म्हणजे सोसायट्यांच्या सूचना फलकांवर कात्रण लावता येईल.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक, सातारा