डिजिटल स्वाक्षरीच्या फाइली परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘जागा वाचवा’ या सोयीमुळे पीडीएफ फाइलींवरील डिजिटल स्वाक्षऱ्या नष्ट झाल्याबाबत.

महोदय,

अशिलांची कागदपत्रे सुरक्षित राहावीत आणि हवी तेव्हा चटकन सापडावीत, यासाठी आमच्या सनदी लेखापाल कार्यालयाने आपली दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली वार्षिक वर्गणी भरून घेतली आहे. फाइलींचा शोध आणि वर्गवारी यांबद्दल आमचे काहीही म्हणणे नाही. ते काम चोख होते. तक्रार आहे ती मागील अपडेटबरोबर, आम्हाला न विचारता, आमच्या खात्यावर चालू केलेल्या ‘जागा वाचवा’ या सोयीबद्दल.

ही सोय साठवलेली प्रत्येक पीडीएफ कमी आकारात नव्याने सेव्ह करते आणि मूळ फाइल काही दिवसांनी कायमची काढून टाकते. साध्या स्कॅनचे त्याने फारसे बिघडत नाही. मात्र आमच्या एका अशिलाचा लेखापरीक्षण अहवाल कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत दिला असता तो स्वाक्षरी पडताळता येत नसल्याच्या शेऱ्यासह परत आला. आम्ही फाइल उघडून पाहिली. शेवटच्या पानावर नाव, तारीख आणि वेळ असलेली चौकट जशीच्या तशी दिसत होती, पण तिच्यावर क्लिक केल्यावर प्रमाणपत्राचा तपशील उघडेना. स्वाक्षरी जाऊन तिचे नुसते चित्र उरले होते.

‘मजकूर तोच आहे, फक्त आकार कमी झाला,’ हे आपल्या मदत विभागाचे उत्तर आम्हाला मान्य नाही. डिजिटल स्वाक्षरी करताना फाइलमधील माहितीवरून एक हॅश, म्हणजे त्या माहितीचा जणू ठसा असलेला छोटा कोड, काढला जातो आणि तो स्वाक्षरी करणाऱ्याच्या खाजगी की-ने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त डिजिटल किल्लीने, बांधला जातो. पुढे स्वाक्षरी केलेल्या भागातला एक बाइट जरी बदलला तरी पडताळणी फसते, आणि ती तशी फसावी हाच स्वाक्षरीचा हेतू आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ ने डिजिटल स्वाक्षरीला हस्ताक्षराच्या बरोबरीची मान्यता दिली आहे. त्यामुळे आपल्या प्रणालीने केवळ फाइल लहान केली नसून सही केलेल्या कागदाची बिनसहीची प्रत करून मूळ कागद फाडून टाकला आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके संबंधित व्हाउचरांसह किमान ८ वर्षे जपावी लागतात. असे दस्तऐवज सांभाळणाऱ्या सेवेत हे घडावे, ही गंभीर बाब आहे.

कोणत्या फाइली कधी बदलल्या, याची नोंद मागितली असता लॉग ३० दिवसांपलीकडे ठेवत नसल्याचे आपण कळवलेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादारांनी लॉग १८० दिवस जपावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. सुरक्षिततेच्या नावाने आमच्याकडून वर्गणी घेणाऱ्या कंपनीकडे एवढी नोंदही नसावी, याचा आम्हाला मनापासून खेद वाटतो.

ही सोय आमच्या खात्यावर तत्काळ बंद करावी, आपल्या बॅकअपमधून मूळ फाइली पूर्ववत कराव्यात आणि बाधित फाइलींची यादी पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यावी. ज्या फाइली परत मिळणार नाहीत त्यांची नावे स्वतंत्रपणे कळवावीत, म्हणजे संबंधितांकडून मूळ प्रती मागवता येतील किंवा नव्याने स्वाक्षऱ्या घेता येतील. त्याचा खर्च आपल्या कंपनीने सोसावा. मुदतीत कार्यवाही न झाल्यास आम्ही करार रद्द करून उर्वरित वर्गणीचा परतावा मागू.

आपला विश्वासू,
भागीदार, सनदी लेखापाल कार्यालय, पुणे