मुलांवरचा रिसर्च आईला समजावून कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मुलांच्या आरोग्यावर पेपरात बरंच येतं पण ते सगळं आईवडिलांसाठी असतं, त्या मुलांना सांभाळणाऱ्या आम्हा लोकांना नीट शिकवलं जातं का यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, २० वर्षं झाली.

शिकताना आमचा सगळा भर मोठ्या पेशंटवर होता, मुलांच्या वॉर्डचं पोस्टिंग आलं कधी आणि संपलं कधी कळलंच नाही. डोस किलोमागे काढायचा हे पाठ होतं पण दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो याची भीती हातात सीरिंज आल्यावरच बसली. साधं श्वास मोजायचं घ्या. नवीन मुली १५ सेकंद मोजून चारने गुणतात, आणि तेही बाळ रडत असताना! अहो बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच थांबतं मग भरभर घेतं, त्यामुळे बाळ शांत झाल्यावर झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजावं लागतं. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले, वर्षाच्या आतल्याचे ५०, ५ वर्षांच्या आतल्याचे ४०, की लगेच डॉक्टरांना हाक मारायची. हे कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं, स्लाइड बघून येत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते रिसर्चबद्दल. एकदा एका आईला अभ्यासाचा फॉर्म, म्हणजे मुलाला रिसर्चमध्ये घ्यायला संमती मागणारा कागद, देऊन डॉक्टर राउंडला गेले आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, माझ्या पोरावर प्रयोग करणारेत का हो हे?" मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनाच विचारा म्हटलं आणि सलाईन बघायला गेले. तिने सही केली नाही, तो तिचा हक्कच आहे, पण ती नाही म्हणाली ती समजून नाही, घाबरून, आणि त्यात माझाही वाटा होता हे मला आजही लागतं. तिचा मुलगा ९ वर्षांचा होता, सगळं ऐकत होता, त्याला तर कोणी काही विचारलंच नाही. मुलाला समजत असेल तर त्याचीही तयारी विचारायची असं हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरच्या रिसर्चसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या जागतिक नियमांत, आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आणि रिसर्च नको म्हणून चालतं का? १९४० नंतर कमी दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायचे, चांगल्या मनानेच द्यायचे, आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून जास्त आणि कमी ऑक्सिजनची नीट तुलना केली तेव्हा कुठे दोष ऑक्सिजनचा हे पक्कं झालं. मग भीतीने इतका कमी केला की त्यानेही बाळं दगावली. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांच्या लिव्हरला झेपत नाही, बाळं राखाडी पडून दगावतात, हे १९५९ मध्ये समोर आलं, तोवर ते सर्रास देत होते. मोठ्यांवरचा अंदाज मुलांना लावला की असं होतं. हे आम्हाला शिकतानाच सांगितलं असतं तर त्या आईशी मी बोलू शकले असते.

म्हणून माझं म्हणणं आहे की नर्स आणि ज्युनिअर डॉक्टर यांना एकत्र बसवून शिकवा, डमीवर हात चालवू द्या, आणि एकीला आई करून दुसरीला तिला फॉर्म समजावून सांगायला लावा, चुकलं की तिथेच थांबवा. परीक्षेत पण हे विचारा, नाहीतर कोणी मनावर घेत नाही.

मी आता अभ्यासाचा फॉर्म आला की आधी स्वतः वाचते, अडलं तर डॉक्टरांना विचारते, मग कॉटशेजारी स्टूल ओढून बसते. मुलं पहिला प्रश्न एकच विचारतात, सुई किती वेळा टोचणार. तो आकडा खरा सांगते.

आपली,
मुलांच्या वॉर्डातली एक नर्स