बोटीच्या पोटात आडवं पडून पाना धरणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला पक्कं माहितीये. पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहायचंय, कारण तुमच्या आधी ज्यांनी ज्यांनी या बोटीला हात लावला त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात हे आलं तर बरंच होईल. परवा बोट पाण्यात गेली. चालली, वळली, लाटेवर दणादण आपटली आणि परत आल्यावर मी मागचं झाकण उघडून टॉर्च मारून बघितलं तर ट्रान्समच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब नाही. कोरडं ठणठणीत. मी तिथेच बसलो थोडा वेळ, खोटं कशाला सांगू.

ज्यांनी कधी जुनी फायबरची बोट उघडून बघितली नाही त्यांना वाटेल त्यात काय एवढं. तर मंडळी, ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जुन्या बोटीत बाहेरून फायबर, आतून फायबर आणि मध्ये प्लायवूड. वरून रंग चकाचक आणि आत लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं, असं सर्रास असतं. पाणी काही मोठ्या भगदाडातून शिरत नाही, ते शिरतं कुणीतरी कधीतरी शिडीसाठी नाहीतर सेन्सरसाठी पाडलेल्या आणि नीट सील न केलेल्या इवल्याशा भोकातून, किंवा ड्रेन प्लगच्या, म्हणजे साचलेलं पाणी काढायच्या बुचाच्या कडेने. आणि आम्हाला काय करायचं होतं, तर आतलं जुनं इंजिन काढून, त्याचं भगदाड बुजवून, मागे ब्रॅकेट लावून आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर लटकणारं इंजिन बसवायचं. म्हणजे दोनशे किलोच्या वरचं इंजिन ट्रान्समवर नाही, तर त्याच्याही दोन-अडीच फूट मागे लटकणार. लाट आली की सगळा हिसका वरच्या बोल्टांना बाहेर ओढणार आणि ब्रॅकेटची खालची कड आत दाबणार. त्या भिंतीत दम नसेल तर इंजिन एक दिवस भिंतीसकट समुद्रात.

हे मला तुमच्या आधी एकानेही सांगितलं नव्हतं. एकाने ट्रान्समवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला लोखंड आहे लोखंड, बिनधास्त बोल्ट मारा. दुसऱ्याने मऊ लागलेल्या जागी पुटी भरली, वर रंग मारला, पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. तिसरा म्हणाला ही भंगारात काढा, माझ्याकडे एक नवीन बोट आहे विकायला. वा! त्या पुटीखाली काय होतं ते तुम्ही बघितलंय, मी परत लिहीत नाही, लिहिलं तर हे आभाराचं पत्र राहणार नाही.

तुम्ही आलात ते हातात नुसता खडू आणि प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मुठीने ठोकत ठोकत अख्खा ट्रान्सम पालथा घातलात, जिथे टणटण वाजलं तिथे पुढे, जिथे भद्द वाजलं तिथे खडूची खूण. मग आतल्या बाजूने एक बारीक ड्रिल मारलं, बिटला जो भुसा आला तो माझ्या तळहातावर ठेवला आणि काहीच बोलला नाहीत. काळा, ओला, चिमटीत धरला तर पाणी सुटत होतं. "कुणी केलं हे काम" असं विचारून हसला नाहीत, आणि मी नावं घ्यायला लागलो तर म्हणालात, जाऊ द्या, आता लाकूड काढूया.

मधलं सगळं सांगत बसत नाही. आतलं फायबर कापलं, कुजकं खरवडून काढलं, नवीन प्लाय, इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन), कोपऱ्यात गोलाई देऊन वर कापडाचे थर. ज्यांना हे करायचंय त्यांना करताना कळेलच, आणि अंगाला फायबर चावायला लागलं की जरा जास्तच कळेल. फक्त एक सांगतो, वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो तो तुम्ही दर वेळी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचात, मगच पॉलिश पेपर. घाई नाही. मी घड्याळाकडे बघायचो आणि तुम्ही घासत असायचात.

पण काका, हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. काम चांगलं करणारे लोक असतात, कमी असतात पण असतात. मी लिहितोय ते त्या बोल्टांच्या दिवसासाठी.

ब्रॅकेट बाहेरून मी धरलेलं, तुम्ही बोटीच्या पोटात डोकं खाली पाय वर असे आडवे पडून नट धरलेले, तुमच्या वयाच्या माणसाने असं पडू नये असं मी दोनदा म्हणालो तर आतून आवाज आला, पिळा. सगळे बोल्ट बसले, सीलंट चारी बाजूंनी सारखं बाहेर आलं. मला वाटलं झालं, आता तुम्ही बाहेर याल. येईना माणूस. वाकून बघतो तर तुम्ही काळा मार्कर घेऊन ट्रान्समच्या आतल्या अंगावर लिहीत होतात. बोल्ट किती जाडीचे, ३१६ स्टीलचे (समुद्राच्या पाण्यात सहज न गंजणारं स्टेनलेस), सीलंट कुठलं, लाकूड कुठपर्यंत आहे आणि कुठून नुसतं फायबर. भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरलीत आणि मग त्यातून परत पाडलीत, त्यामुळे बोल्ट लाकडाला कुठेच शिवत नाही, हेही लिहिलंत. ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तांबं घातलेला रंग लावू नये, अ‍ॅनोड (ब्रॅकेटऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) झिजला की बदलावा. खाली एक आडवी रेघ मारून, नवीन भोक पाडायचं तर या रेघेच्या वर. आणि मार्कर पुसला जाऊ नये म्हणून वरून क्लिअर इपॉक्सीचा एक हात फिरवलात. तारीख टाकलीत. स्वतःचं नाव मात्र नाही.

मी विचारलं, मला तर सगळं माहितीये, मग हे कुणासाठी? तुम्ही म्हणालात, पुढे जो उघडेल त्याच्यासाठी, त्याला अंदाज करायला लागू नये.

तो माणूस अजून कुणाला माहितीच नाही हो. वीस वर्षांनी येईल, कदाचित येणारही नाही. झाकण लावलं की ते अक्षर कुणाला दिसत नाही, त्याचे कुणी पैसे देत नाही, त्यावरून कुणी पुढचं काम देत नाही. याच भिंतीत आधीच्याने पुटी दडवली होती आणि तुम्ही तिच्या आत काय काय आहे ते लिहून ठेवलंत. मला त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाहीये. डॉक्टर, शिक्षक, वायरिंगवाला, कुणीही असो, आपल्यानंतर येणाऱ्याचा विचार करणारी माणसं मी बोटावर मोजण्याइतकी बघितलीत आणि त्यातली बरीचशी कधी बोलून दाखवत नाहीत. पैशाची बात काढली तर तुम्ही सामानाचा हिशोब दिलात आणि आपल्या मजुरीवर मान हलवलीत, त्यावर आपलं भांडण अजून बाकी आहे हे लक्षात असू द्या.

बरं, एक रिपोर्ट राहिला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ब्रॅकेट जेवढे फूट मागे तेवढे इंच इंजिन वर घेतलं होतं, कारण बुडाखालून सुटलेलं पाणी मागे वर उसळतं. सरळ रेषेत एकदम मस्त, पण जोरात वळवलं की प्रॉप, म्हणजे इंजिनचा पंखा, हवा ओढायचा आणि आरपीएम एकदम भडकायचे. तुम्ही आधीच म्हणाला होतात की असं झालं तर इंजिन बोल्टाच्या एका भोकाने खाली घ्या, घाबरू नका. आज सकाळी घेतलं, पाऊण इंच खाली, आणि तो प्रकार बंद झाला. नवीन उंची मी तुमच्याच लिखाणाखाली मार्करने लिहिलीये, तारखेसकट. माझं अक्षर गचाळ आहे आणि वरून इपॉक्सी मारायची राहिलीये, रविवारी मारतो.