मामाच्या कॅफेची वही

सोलापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीनू,

'सप्रेम नमस्कार, वि. वि.' असं लिहिणार होतो, पण तू ते हॉस्टेलच्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवशील. म्हणून नुसतं, काय बे! दिवाळीला आला नाहीस. आईने तुझ्यासाठी शेंगा चटणीचा डबा बाजूला काढून ठेवला होता. तो मी, आयेशा आणि महेशने सेमिनारच्या आदल्या रात्री कडक भाकरीबरोबर संपवला. तक्रार असेल तर ये आणि आईकडे कर.

व्हॉट्सॲपवर सांगायला बसलो होतो. तीन व्हॉइस नोट केल्या, तिन्ही पुसल्या. बोलताना मी भलतीकडेच जात होतो. लिहितानाही जाणारच आहे, पण निदान तू मध्ये 'पुढं बोल बे' म्हणणार नाहीस.

तर झालं असं, की मॅडमनी आमच्या गटाला विषय दिला 'इंटरनेटचा इतिहास'. पंधरा मिनिटं, दहा स्लाइड. एका संध्याकाळचं काम, असं वाटलं होतं. १९६९ ला पहिला संदेश, मग १९८३ ला टीसीपी/आयपी (सगळ्या नेटवर्कनी एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा), मग १९८९ ला वेबची कल्पना, मग भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली. त्यातच महेशचा हट्ट की शम्मी कपूरचा फोटो हवाच, कारण आपल्याकडच्या अगदी पहिल्या नेटवाल्यांत तो होता. फोटो टाकला. संपलं.

पण वाचता वाचता मी एका गोष्टीत अडकलो. आपल्याला वाटतं, की हे सगळं कोटातल्या मोठ्या लोकांनी केलं असेल. अरे, निम्मं काम पोरांनी केलंय. २९ ऑक्टोबर १९६९ ला रात्री साडेदहाला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मशीनला पहिला संदेश गेला. अंतर आपल्या सोलापूर-मुंबईपेक्षा जास्त. पाठवणारा चार्ली क्लाइन विद्यार्थीच होता. 'लॉगिन' टाइप करायचं होतं. 'एल' गेला, 'ओ' गेला आणि 'जी'ला पलीकडचं मशीन बसलं. इंटरनेटच्या पूर्वजाचा, म्हणजे अर्पानेटचा, पहिला शब्द 'लो'. तासाभराने दुरुस्त करून पुन्हा पाठवला, तेव्हा पूर्ण गेला.

त्याआधी त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेटवर्क कसं बोलेल याचे नियम लिहायला स्टीव्ह क्रॉकर नावाचा दुसरा विद्यार्थी बसला. ज्या घरी उतरला होता तिथल्या लोकांची झोपमोड नको म्हणून त्याने ते रात्री बाथरूममध्ये बसून लिहिले. आणि आपण कोण नियम सांगणारे, या भीतीने त्या कागदांना 'अभिप्रायासाठी विनंती' असं नाव दिलं. आजही इंटरनेटचे नियम त्याच नावाने निघतात. हा क्रॉकर, टीसीपी/आयपीवाला व्हिंट सर्फ आणि ते नियमांचे कागद पुढे सांभाळणारा जॉन पोस्टेल, तिघंही एकाच हायस्कूलचे. मला लगेच आपल्या बाकावरची टोळी आठवली. आपण त्या बाकावर करकटकाने नावं कोरण्यापलीकडे काही केलं नाही, हा भाग वेगळा.

रंगीत तालमीला मी हे सगळं ठोकून दिलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साडेदहाच कशावरून?"

आयेशाला माहीत होतं. लॉस एंजेलिसच्या त्या खोलीत एक वही होती. कोणी काय केलं ते वेळ घालून हाताने लिहायचे. त्यात २२:३० च्या पुढे एका ओळीची नोंद आहे, की स्टॅनफर्डच्या मशीनशी बोललो. ती वही नसती तर आज आपण दहा की अकरा यावर भांडत बसलो असतो.

वही म्हटल्यावर मला काय आठवलं असेल? बाळीवेशीतला मामाचा कॅफे! तुला आठवतो का? आपण दुसरी-तिसरीत असताना बंद झाला. झेरॉक्सच्या वरचा माळा, प्लायवूडची चार खुराडी, प्रत्येकाला अर्धा पडदा. आता खाली झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म एवढंच चालतं, सीईटीपासून सातबाऱ्यापर्यंत. मामाला वह्यांचं विचारलं तर म्हणाला, "टाकतोय कशाला? पोलीस विचारायला आले तर?" पंधरा वर्षांत कोणी आलेलं नाही. वह्या मात्र माळ्यावर जशाच्या तशा, फुलस्केप, लाल पुठ्ठ्याच्या, उंदराने एकच कोपरा खाल्लेला.

पहिली नोंद ६ ऑगस्ट २००१ ची. श्रावणी सोमवार गाठून मुहूर्त केलेला. नाव, आत ११.१०, बाहेर ११.२५, रुपये २०, आणि शेऱ्याच्या रकान्यात मामाचं अक्षर: 'लाईट गेली. १० परत.'

मी आणि आयेशा माळ्यावर बसून इतके हसलो की मामा खालून ओरडला. तिकडे 'जी'ला मशीन बसलं, इकडे पंधराव्या मिनिटाला लाईट गेली. आमची अकरावी स्लाइड तयार झाली.

वह्या वाचायला मजा येते रे. बारावीच्या निकालाच्या दिवशी पाच पानं भरलीत. एकेका नावापुढे दोन-दोन मिनिटं, सगळ्यांचे पाच रुपये. एक माणूस दोन वर्षं दर रविवारी सकाळी नऊला यायचा, बरोबर एक तास. मामा म्हणाला, मुलगा दुबईला होता. एका मोडेमवर चार कॉम्प्युटर, त्यामुळे एक फोटो उघडेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन येता यायचं, आणि मामीने माहेरी फोन लावायला रिसीव्हर उचलला की चारही खुराड्यांतून एकदम 'ओ भाऊ!'

इथपर्यंत सेमिनारचं. आता खरी गोष्ट, आणि ही तुझ्यापाशीच ठेव.

वह्यांच्या खाली सीड्यांचा डबा होता. मामा कॅफेत टायपिंगही करायचा, अर्ज, लग्नपत्रिका, बायोडाटा. एका सीडीवर स्केच पेनने लिहिलेलं: 'घरचे'. त्यात २००२ च्या नोव्हेंबरमधल्या दोन फायली, सविता१ आणि सविता२. सविता म्हणजे आमची आई. लग्नाचा बायोडाटा!

फाइल उघडली तर आत सगळा कचरा. डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच तारका. तुझ्या कॉलेजात हे शिकवत असतील, पण मला तोवर खरंच कळलं नव्हतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी ठरवून दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, देवनागरी १९९१ पासून आहे. पण मामाच्या मशीनवर विंडोज ९८, आणि त्याला देवनागरी येतच नव्हती. विंडोज २००० पासून ती सोय आली. म्हणून तेव्हाचे फाँट फसवाफसवी करायचे. कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असायचं, फाँट फक्त त्याच्या जागी मराठी चित्र दाखवायचा. फाँट गेला की मराठी गेली. आणि प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळ्या क्रमाने लावलेली. मामाला फाँटचं नावही आठवेना. म्हणजे १९६९ ची दोन अक्षरं आख्ख्या जगाला पाठ, आणि बाळीवेशीत २००२ साली टाइप केलेलं एक पान घरातल्या कोणालाही वाचता येईना. मला त्या रात्री त्याचा फार राग आला. कोणावर, ते सांगता यायचं नाही.

किल्ली मिळाली अज्जीच्या ट्रंकेत. बायोडाट्याची छापील प्रत, घडीवर पिवळी पडलेली. ती सविता२ शी जुळत होती. मग काय, कागद एका बाजूला, कचरा दुसऱ्या बाजूला, आणि एकेक चिन्ह जुळवत बसलो. आयेशाने पायथनमध्ये साठ-सत्तर ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्यांदा चालवला तेव्हा आईचं नाव आलं 'सिवता'!

कारण कळलं तेव्हा मजा वाटली. जुन्या फाँटात टाइपरायटरसारखं जे आधी दिसतं ते आधी टाइप करायचं, म्हणजे पहिली वेलांटी आधी, मग 'व'. युनिकोडमध्ये 'व' आधी आणि वेलांटी त्याच्यानंतर साठवतात, दाखवताना मात्र ती 'व'च्या आधी दिसते. त्यामुळे प्रोग्रॅमला प्रत्येक वेलांटी उचलून एक अक्षर पलीकडे न्यायला शिकवावं लागलं. जोडाक्षर आलं की उडी तोकडी पडायची. 'नोकरी स्थिर'मधली वेलांटी अर्ध्या 'स'वरच लटकून राहायची. रात्री एकला आयेशाच्या अब्बूंचा तिसरा फोन आला तेव्हा सविता२ स्वच्छ वाचता आली. उंची पाच फूट दोन, रंग निमगोरा, शिक्षण बी.एस्सी., अपेक्षा: सुसंस्कृत घराणे. छापील कागदात होतं तेच.

मग सहज म्हणून सविता१ चालवली. सगळं तेच. फक्त अपेक्षेच्या ओळीत होतं: लग्नानंतर बी.एड. करू देणार्या स्थळास प्राधान्य.

आम्ही तिघंही गप्प. महेशसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मामाला विचारलं. तो झेरॉक्सचा कागद लावत होता, मान वर न करता म्हणाला, "ताईने सांगितलं तसं टाइप केलं. अज्जांनी वाचलं, म्हणाले, ही ओळ काढ, अशानं कोण येणार? काढली. पण पहिली फाइल पुसली नाही. का नाही पुसली, आता आठवत नाही."

तुला माहीतच आहे, आईने बी.एड. केलं नाही. आपली गल्लीतली गणिताची शिकवणी, ज्यात तू सातवीत अपूर्णांकांसाठी रडला होतास, तीच काय ती. पप्पांना ही ओळ कधी दिसलीच नाही. दिसली असती तर ते नको म्हणाले असते की हो, हे मला आजही सांगता येत नाही, आणि विचारायचं धाडस नाही.

मी आईला दाखवावं की नाही यात दोन दिवस घालवले. शेवटी बुधवारी दुपारी ती ज्वारी निवडत होती, तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला. काही बोललो नाही. तिने चष्मा लावला, पूर्ण वाचलं. मग परात बाजूला सारून बोट स्क्रीनला टेकवलं.

"हा 'र्या' चुकलाय. देणाऱ्या. डोक्यावर रफार नको, आडवी रेघ पाहिजे."

खरंच चुकला होता. त्या आडव्या 'र'साठी युनिकोडमध्ये खालच्या टिंबाचा 'ऱ' घ्यावा लागतो, आमच्या तक्त्यात तो राहिला होता. मी तिथल्या तिथे दुरुस्त केला. तिने पुन्हा वाचलं, "हं" म्हणाली आणि परत ज्वारीकडे वळली. पुढचे दहा मिनिटं ती खडे काढत होती आणि मी तिथंच बसून होतो.

सेमिनार छान झाला. वही सगळ्यांना आवडली, मॅडमनी तर पहिल्या पानाचा फोटो काढून घेतला. आईची फाइल दाखवली नाही. आयेशाचं म्हणणं, की तीच खरी गोष्ट होती. असेल. पण ती आमची दाखवायची नव्हती.

काल रात्री मी दिवे मालवत होतो तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "ती फाइल आहे ना रे अजून?"

"आहे."

"असू दे."

तुझा,
बसू

ता. क. एक काम आहे. तुझ्या नानांच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते ना, त्यातला एखादा फाटका पुठ्ठा मिळेल का, विचार. आयेशाला हवाय. जॅकार्डने १८०४ मध्ये मागावर नीट बसवलेली ही युक्ती. भोक असेल तिथं उभा धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. पुढं १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हॉलरिथने तसेच पुठ्ठे मोजणीच्या यंत्राला लावले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं कॉम्प्युटर त्यांच्यावरच चालत होते. तू शाळेत 'आमच्या मागातच कॉम्प्युटर आहे' म्हणून फुशारक्या मारायचास आणि मी टप्पल मारायचो. ती परत घे. हुतात्माने येणार असशील तर कळव, स्टेशनवर येतो. चटणी नवी केली आहे.